अकरा मात्रांतले तीन ठोके

माझ्या धंद्याला मी दुकान म्हणतो. सुरुवातीला पाटीवर 'स्टुडिओ' लिहिलं होतं, तर रोज दोन-चार जण भांग पाडून पासपोर्टचा फोटो काढायला यायचे. शेवटी ते पुसून 'आवाज रेकॉर्डिंग' असं लिहिलं. तेव्हापासून भांग पाडलेले येत नाहीत, घसा बसलेले येतात.

हिंगोलीत हळदीच्या एका जुन्या गोदामात तीस वर्षं हे दुकान चालू आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या लावल्यात, गोधड्यांमागं रिकामी पोती. हळद अजूनही फटीफटीतून निघते. नवा गायक पहिल्या कडव्यालाच शिंकतो आणि जाताना पाठीवर पिवळा डाग घेऊन जातो. मग घरी बायको विचारते, आज कुणाची हळद होती. याबाबतीत माझी काहीही जबाबदारी नाही, असं मी आधीच सांगून ठेवतो.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, कामातले अनुभव लिहा. जन्म, शिक्षण, विवाह हे नको. बरं झालं. त्या तिन्ही गोष्टींत माझी कामगिरी बेताचीच आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गाणारा गातो आणि मशीन टिपून घेतं. तसं असतं तर हे काम कोणीही मोबाइलवर केलं असतं. हल्ली करतातही, आणि ऐकलं की कळतं. आमच्याकडं प्रत्येक वाद्य वेगळं टिपायचं, आवाज वेगळा टिपायचा आणि मग सगळं एकावर एक बसवायचं. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची एक लांबच लांब रेघ दिसते. शिंपी कापड कापतो तशी ती कापायची, मागंपुढं सरकवायची, पुन्हा जोडायची. जो सुरात नाही त्याला सुरात आणायचं, जो तालात नाही त्याला तालात. आणि जोड ऐकू येता कामा नये. या जोडकामात माझा हात धरणारा परभणीपर्यंत कोणी नव्हता, हे मी नाही, माझ्यावर जळणारे लोक सांगतात.

आमच्या भागातले एक भजनी महाराज माझं जुनं गिऱ्हाईक. नाव सांगत नाही, शिष्य फार आहेत. हे महाराज गायला बसले की दर कडव्याला थोडे थोडे वर चढायचे. चौथ्या कडव्यापर्यंत ते माडीवर आणि पेटी बिचारी अंगणात. मी तीन दिवस खपून त्यांना एकेक पायरी खाली आणलं. तयार गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "गुरुकृपा." गुरूंना यातलं काहीही माहीत नव्हतं.

ग्रामपंचायतीला उभा राहिलेला एक उमेदवार आला होता. त्याला प्रचाराचं गाणं स्वतःच म्हणायचं होतं, आणि प्रत्येक ओळीत स्वतःचं नाव हवं होतं. आवाज असा, की ऐकून घरची मतंसुद्धा फिरावीत. त्यालाही मी माणसात आणलं. तो पडला. पुढच्या वेळी तो तेच गाणं घेऊन आला, फक्त निशाणी बदलून द्या म्हणाला.

अशा लोकांमुळं माझे दोन नियम झाले होते. पहिला, दुरुस्ती केली हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. सांगितलं की त्याचा अपमान होतो. नाही सांगितलं तर तो खूश होऊन चार माणसं पाठवतो. दुसरा, दुरुस्ती झाली की मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. हा नियमही महाराजांच्याच कृपेनं झाला. एकदा चुकून त्यांचं कच्चं गाणं लागलं आणि भरल्या शिष्यांत त्यांनी विचारलं, हा कोण गाढव गाऊन राहिला? मी म्हणालो, कोणी बाहेरगावचा आहे. त्या दिवसापासून माझ्याकडं कच्चा माल शिल्लक राहत नाही.

या दोन नियमांनी मला तीस वर्षं सांभाळलं आणि एका बँडनं चार महिन्यांत उघडं पाडलं.

बँडमध्ये तिघं होती. वैभव हा कुरुंद्याच्या एका खात्यापित्या हळदवाल्याचा मुलगा, गिटार वाजवायचा आणि गायचाही. मृणाल हिंगोलीतल्या एका शाळेतल्या बाईंची मुलगी, ती कीबोर्डवर. अविनाश पुसेगावच्या बाजूच्या तांड्यावरचा, तो ड्रमवर. वैभव म्हणाला, काका, आमाला पहिला अल्बम करायचाय. मी सवयीनं विचारलं, देवीचा का भीमगीतांचा? त्यानं कागदावर लिहून दिलं: प्रोग्रेसिव्ह निओक्लासिकल मेटल. मी कागद सुलटा-उलटा करून पाहिला.

पुढं ऐकून ऐकून जे समजलं ते सांगतो. मेटल म्हणजे गिटारचा आवाज आधी पिठाच्या गिरणीतून काढायचा. निओक्लासिकल म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या राजेरजवाड्यांपुढं जे सावकाश वाजवत, ते एसटी सुटत असल्यासारखं वाजवायचं. आणि प्रोग्रेसिव्ह म्हणजे गाणं कुठं चाललंय हे गाण्यालाही सांगायचं नाही. सहा गाणी होती. सगळ्यात छोटं नऊ मिनिटांचं. तेवढ्यात आमचे महाराज दोन अभंग, एक गवळण आणि वर्गणीचं आवाहन उरकतात.

बँडचं नाव 'ट्वेल्थ विंटर', म्हणजे बारावा हिवाळा. आधीचे अकरा कुठं गेले, हे मी विचारलं नाही. गाणी इंग्रजी आणि प्रत्येक गाण्यात बर्फ, लांडगे, किल्ला आणि एखादा मेलेला राजा. वैभवनं उभ्या जन्मात बर्फ पाहिला तो रसवंतीवर, तोही पोत्यात गुंडाळलेला. पण गाताना असा काकडायचा की वाटावं, याला कोणीतरी घोंगडी द्या. एप्रिल महिना होता आणि गोदामात पंखासुद्धा लावता येत नव्हता, कारण पंख्याचा आवाज येतो.

बर्फाबद्दल एक शब्दही न बोलणारा तिघांत अविनाशच. त्याचे वडील थावरूभाऊ होळीला तांड्यावर नगारा वाजवतात. त्या नगाऱ्याशेजारी हा वाढला. तो सैन्यात भरती झाला होता आणि आठवड्यानं त्याला प्रशिक्षणाला निघायचं होतं. तिथं मोबाइलही जमा करून घेतात. म्हणून आधी त्याचेच ड्रम टिपायचे ठरलं. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्राचा ड्रमसेट पाच दिवसांसाठी आणला. पहिल्या दिवशी चामडी ताणता ताणता तो मला म्हणाला, "काका, बराबर घ्या. या सहा गाण्याशिवाय माझं वाजवलेलं कुठंच राहणार न्हाई."

मी म्हणालो, काळजी करू नको.

त्याचा हात चांगला होता. पण ऐकता ऐकता मी मनात मात्रा मोजत होतो आणि हिशोब जुळत नव्हता. सात, सात, सात, मग एकदम पाच. पुढं नऊ. शेवटच्या गाण्यात एका ठिकाणी तर अकरा. मला वाटलं, पोरगं घाबरलंय, जायचे दिवस जवळ आलेत, मोजणी सुटून राहिली. पहिला नियम आठवून मी गप्प बसलो आणि मस्त झालं म्हणालो. तो गेला.

त्याच्या ड्रमवर मग वैभव आणि मृणालनं आपापलं वाजवलं. ती दोघंही बरोबर त्याच ठिकाणी सातला थांबत होती, पाचला वळत होती. शहाण्या माणसाला इथंच कळलं असतं की तिघं एकाच जागी चुकत नसतात. मला वाटलं, बिचारी त्याचं ऐकत ऐकत त्याच्यामागं खड्ड्यात चाललीत. मला त्यांची दया आली, हे लिहिताना आज लाज वाटते.

ती दोघं परीक्षेला गेली आणि मी कामाला बसलो. तीन आठवडे. सात मात्रा होत्या तिथं एक ठोका घालून भजनी ठेक्याच्या आठ केल्या. पाचाच्या आठ केल्या. नवातली एक काढली. अकरातल्या तीन कापल्या. जिथं ठोका घालायचा तिथं अविनाशचाच एखादा चांगला, स्वच्छ ठोका उचलून आणला. गिटार आणि कीबोर्डही त्याच मापानं कापून बसवले. शेवटी मेलेल्या राजाचं चौदा मिनिटांचं गाणं भजनी ठेक्यात असं चपखल बसलं की कोणी टाळ घेऊन उभं राहिलं असतं तर शोभलं असतं. मी मूळ रेकॉर्डिंग पुसलं आणि समोरच्या टपरीवर जाऊन समाधानानं चहा प्यालो.

वैभव आणि मृणाल परत आली. मी मोठ्या ऐटीत गाणं लावलं. वैभवचा चेहरा पहिल्याच मिनिटात पडला.

"काका, हे काय करून ठेवलं?"

"दुरुस्त केलं. अविनाश ठेका चुकत होता."

 मृणालनं वही काढून माझ्यापुढं ठेवली. पानभर आकडे होते. सात, सात, सात, पाच. नऊ. अकरा. कोणत्या गाण्यात कुठं किती, सगळं लिहिलेलं. ती आणि अविनाश वर्षभर बसून हे जुळवत होती. ती हळूच म्हणाली, काका, सात मात्रा म्हणजे आपला रूपक तालच की. रूपक मला शिकवू नको, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उभ्या जिल्ह्यातल्या भजनी मंडळांना मी रूपक येत नाही म्हणून हिणवलंय.

वैभवनं मूळ रेकॉर्डिंग मागितलं. मी म्हणालो, पुसलं. तो पोत्यावर बसला आणि मागच्या भिंतीवर डोकं आपटायला लागला. गोधडी होती म्हणून आवाज आला नाही. मृणालनं एवढंच विचारलं की अविनाशला काय सांगायचं. 

गिटार आणि कीबोर्ड पुन्हा वाजवता येत होते. ड्रम वाजवणारा दूर कुठंतरी बंदूक घेऊन पळत होता. ड्रममध्ये मी घातलेले ठोके काढले तर त्याचं त्याला परत मिळालं असतं. वहीतल्या आकड्यांवरून आठातला कुठं एक, कुठं तीन माझे आहेत हे समजत होतं, पण नेमके कोणते ते समजत नव्हतं. मी माझेच जोड शोधायला बसलो आणि ते मलाच सापडेनात. ज्या कसबाचा तीस वर्षं टेंभा मिरवला, त्यानंच माझा गळा धरला. दहा दिवसांत एक गाणंही धड उसवलं गेलं नाही.

शेवटी मृणाल म्हणाली, त्याच्या वडलांना इचारा. मी मोटारसायकल काढून तांड्यावर गेलो. थावरूभाऊ म्हणजे सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्यांना सगळं सांगितलं. तुमच्या मुलाचं मी काय करून ठेवलं, हे बापाला त्याच्या अंगणात बसून सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ते गाणं मला कळत न्हाई, होळीला त्यानं असं वाजवलं असतं त मी हाणलं असतं. मग आत जाऊन टोपी घालून आले.

नऊ दिवस ते सकाळच्या एसटीनं यायचे आणि दुपारच्या एसटीनं जायचे. हेडफोन टोपीवरूनच घालायचे. वैभवचा बर्फ आणि लांडगे मी बंद ठेवायचो, फक्त ड्रम. ऐकता ऐकता ते बोट वर करायचे आणि म्हणायचे, हे तुमचं. थोडं पुढं गेलं की, हेही तुमचं. वहीत बघावं तर आकडा बरोबर जुळलेला. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. कसं ओळखता, विचारलं.

"त्याचा डावा हात जरा मागून येते. लहानपणापासून लई वरडलो मी त्याच्यावर, पण गेलं न्हाई. तुमचे ठोके लई साफ हायत. साफ हायत म्हणून वळखू येतेत."

माझ्या कामाची एवढी नेमकी परीक्षा आजवर कोणी केली नव्हती. ती मला सोसली नाही, पण खरी होती.

जे मी घातलं होतं ते सगळं निघालं. नवाच्या ठिकाणचे गेलेले ठोकेही परत आले, कारण अविनाशनं तोच नवाचा तुकडा पुढं पुन्हा वाजवला होता आणि तिथला नववा ठोका माझ्या कात्रीतून सुटला होता. थावरूभाऊंनी तो ऐकून मान हलवली, त्याचाच आहे म्हणाले, मग मी उचलला. राहिली फक्त अकराची जागा. ती अख्ख्या अल्बममध्ये एकदाच होती, शेवटच्या गाण्याच्या शेवटाला. आठ ठोके ऐकून थावरूभाऊ थांबले आणि म्हणाले, इथं तीन कमी हायत. वैभव त्या दिवशी तिथंच होता. तो म्हणाला, दुसरीकडचे तीन आणून बसवू, कोणाला समजणार?

"न्हाई," थावरूभाऊ म्हणाले. "त्यानं जे तिथं वाजवलं न्हाई, ते त्याच्या नावावर काहून घालता? मोकळं ठेवा. येईल तवा वाजवील."

मोकळं ठेवलं. नुसते गिटार-कीबोर्ड तिथं उघडेबोडके वाटत होते, म्हणून तेही थांबवले. गाणं धडाडत येतं, तीन मात्रा चिडीचूप, आणि पुन्हा धडाडतं.

वैभवला धीर नव्हता. त्यानं अल्बम तसाच इंटरनेटवर टाकला. कुरुंद्यात कोणी ऐकला नाही. फिनलंडात नऊ जणांनी ऐकला, असं वैभव सांगत होता. त्यांच्याकडं बर्फ असतो, त्यांना घराबाहेर जाता येत नसणार. मग एका मोठ्या शहरातल्या समीक्षकानं त्यावर लिहिलं. त्याचं म्हणणं, हा अल्बम म्हणजे परक्यांच्या किल्ल्यांची नक्कल आहे. पण शेवटच्या गाण्यातली ती तीन मात्रांची शांतता मात्र धाडसी आहे, अस्सल आहे, या बँडचा स्वतःचा श्वास पहिल्यांदा तिथंच ऐकू येतो. माझ्या कात्रीचं एवढं कौतुक महाराजांनीही केलं नव्हतं.

पुढं वैभवची एक मुलाखत झाली. त्यात त्यानं सांगितलं की ती शांतता ही अल्बमची मध्यवर्ती संकल्पना आहे, सुरुवातीपासून ठरलेली. हिवाळ्याचा मृत्यू, असं तो म्हणाला. माझ्या भिंतीवर डोकं आपटून पडलेला गोधडीतला खड्डा अजून बुजलेला नव्हता.

गेल्या दिवाळीआधी अविनाश सुट्टीवर आला. केस बारीक, मान ताठ, अंगावरचं मांस उतरलेलं. बापाला घेऊन सरळ दुकानात आला. वैभव आणि मृणालही आली. वैभवनं मला आधीच बजावून ठेवलं होतं की काका, त्याला उगं कायबी सांगू नका, संकल्पना म्हणून सांगू. मी मान डोलावली होती. न सांगण्याची सवय मला होतीच.

अविनाशनं सहाही गाणी डोळे मिटून ऐकली. हात मांडीवर होते. शेवटच्या गाण्यात ती जागा आली, सगळं थांबलं, आणि त्याची बोटं मांडीवर तीनदा पडली. गाणं पुढं गेलं. त्यानं डोळे उघडले.

"इथं माझे तीन व्हते."

वैभव लगेच सुरू झाला. संकल्पना, हिवाळा, समीक्षक. अविनाशनं बापाकडं पाहिलं.  थावरूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं.

मी सांगितलं. ज्याचं कापलं त्यालाच तोंडावर, तीस वर्षांत पहिल्यांदाच. तू चुकतोय असं वाटलं, म्हणून सगळं आठात बसवलं, मूळ पुसलं, तुझ्या वडलांनी बाकीचं शोधून दिलं, हे तीन गेले. 

त्यानं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"मी पाच दिवस तुमच्या समोरच व्हतो, काका. इचारलं का न्हाई?"

 तीस वर्षांत मी कोणालाच विचारलं नव्हतं. ज्याला त्याला परस्पर सुधारून पाठवत होतो आणि त्यालाच माणुसकी समजत होतो.

कोपऱ्यात एका लग्नाच्या बँडवाल्याचा साइड ड्रम पडलेला होता. अविनाश उठला, त्यावरची हळद झटकली आणि म्हणाला, घ्या. मी माइक लावला. त्यानं हेडफोन घातले, आधीचे आठ ऐकले आणि तीन ठोके वाजवले.  मग वैभवनं घसा साफ केला आणि म्हणाला, मस्त झालं, पण आता ते अल्बममधी टाकता येणार न्हाई. लोकाला ती शांतताच आवडून राहिली. अविनाशनं त्याच्याकडं पाहिलं आणि बरं म्हणाला. मृणाल उठून बाहेर गेली. बाप-लेक दुपारच्या एसटीनं परत गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात महाराज नवीन भजनं घेऊन आले. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की महाराज, तुम्ही दर कडव्याला वर चढता. ते हल्ली रेकॉर्डिंगला वाशिमला जातात.

ते तीन ठोके माझ्याकडं आहेत. दुकानातलं हे एकमेव कच्चं रेकॉर्डिंग. अधूनमधून मी ते पडद्यावर उघडतो. पहिले दोन जागच्या जागी आहेत. तिसरा डाव्या हाताचा आहे, जरा मागून आलेला. किती सरकवला की बरोबर बसेल, हे मला नुसत्या नजरेनं कळतं. अजून सरकवलेला नाही.